वर्दी उतरण्याआधीची दोन वर्षे

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत तेथल्या घराघरांतून माणूस पलटणीत जात राहिला, हे महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. पण पलटणीतून परत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, ह्याची वास्तपुस्त करणारे थोडेच. गावातल्या शाळामास्तराची निम्मी नोकरीही ज्या वयात संपलेली नसते, त्या वयात शिपाई सेवेतून मोकळा होऊन ट्रंक आणि होल्डॉल घेऊन घरी येतो. शिपाई बहुधा चाळिशीच्या अलीकडे, तर हवालदार पंचेचाळिशीच्या आसपास. मुले शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात, आणि हातापायांत आणखी वीस-पंचवीस वर्षांचे काम शिल्लक असते. त्यातले पुष्कळजण बँकेच्या दारात वा गृहसंकुलाच्या फाटकात पहाऱ्याची नोकरी धरतात. काहींना मात्र स्वतःचा धंदा करावासा वाटतो, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी गेली तीस वर्षे कोरेगावच्या बाजारपेठेत लहान व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिण्याचे आणि त्यांच्या करांचे हिशेब पाहण्याचे काम करीत आलो. माझ्या गिऱ्हाइकांत माजी सैनिक पुष्कळ, आणि त्यांची भरभराट व बुडीत दोन्ही मी आकड्यांच्या रूपाने जवळून पाहिली आहे. जे बुडाले ते धाडस कमी पडले म्हणून बुडाले नाहीत, आणि भांडवलाच्या टंचाईनेही क्वचितच बुडाले. पलटणीत टाकून यावयाचे ते त्यांनी बरोबर आणले, आणि बरोबर आणावयाचे ते ते तेथेच ठेवून आले, असा माझा अनुभव आहे. टाकून यावयाची गोष्ट म्हणजे हुद्दा व हुकमाची वाट पाहण्याची सवय. बरोबर आणावयाची गोष्ट म्हणजे क्वार्टरमास्टरची खातेवही.

धंद्याची तयारी निवृत्तीनंतर सुरू करावयाची नसून तिच्या निदान दोन वर्षे आधी करावयाची असते. सेवेत असताना स्वतःच्या नावाने व्यापार चालविण्याची सैनिकास मोकळीक नाही, आणि भावाच्या वा मेहुण्याच्या नावे दुकान थाटून पैसा आपला घालण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, तिने नियम मोडतो तो मोडतोच, शिवाय पुढे मालकी कोणाची ह्यावरून सख्ख्या भावांत वितुष्ट येते. मात्र पाहण्यास, विचारण्यास आणि मोजण्यास कोणताच नियम आडवा येत नाही. वर्षाकाठी मिळणारी साठ दिवसांची रजा लग्नकार्यात, जत्रेत आणि घराच्या डागडुजीत खर्ची पडते. अखेरच्या दोन वर्षांत तिच्यातले पंधरा-पंधरा दिवस तरी टेहळणीसाठी राखून ठेवावेत. शत्रूच्या ठाण्यावर चाल करण्यापूर्वी तेथे माणसे किती, पाणी कोठले, वाट कोणती, हे न पाहता पुढे जाणारा सेनानी सैनिकाला मूर्ख वाटतो. पण तोच सैनिक आयुष्याची कमाई ज्या धंद्यात घालणार, तो धंदा एक दिवसही जवळून न पाहता त्यात उतरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

टेहळणी म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, म्हशींचा गोठा करावयाचा आहे. मग रजेत पहाटे दूध संकलन केंद्रावर जाऊन बसावे आणि कोणाच्या दुधाला किती फॅट व किती एसएनएफ (स्निग्धेतर घन अंश) लागते आणि त्यावरून दर कसा बसतो, हे आठ दिवस स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावे. कारण दर लिटरवर मिळत असला तरी तो ठरतो ह्या दोन आकड्यांवर. त्यानंतर ज्याच्याकडे दहा म्हशी आहेत अशा एखाद्या शेतकऱ्याकडे आठवडाभर शेण काढावे, धारा काढाव्यात, आणि ओला चारा, कडबा, पेंड व औषधपाणी ह्यांचा रोजचा खर्च त्याच्या तोंडून नव्हे, तर त्याच्या पावत्यांवरून लिहावा. म्हैस साधारण दहा महिने दूध देते आणि मग भाकड राहते. भाकड काळात ती खाते तेवढेच, देत मात्र काही नाही. म्हणून दहा म्हशी एकदम आणणाऱ्याच्या गोठ्यात काही महिने दुधाचा पूर आणि नंतरचे काही महिने कोरडा दुष्काळ असतो. पाच आधी आणि उरलेल्या पाच त्यानंतर सहा महिन्यांनी आणणाऱ्याचा हप्ता मात्र बाराही महिने निघतो. हे ज्ञान कोणत्याही योजनेच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलेले नसते; ते गोठ्यात मिळते.

हाच न्याय किराणा दुकानाला, वेल्डिंगच्या शेडला, मालवाहू गाडीला लावावा. दुकान ज्या जागी घालावयाचे त्या जागेसमोर बाजाराच्या एका दिवशी आणि आडवाराच्या एका दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून किती माणसे गेली, किती थांबली, कोणी काय घेतले, ह्याची नोंद करावी. पहाऱ्यावर रात्रभर जागलेल्या माणसाला हे काम जड नाही. पण ते कामच आहे असे त्याला वाटत नाही, म्हणून ते राहून जाते.

आपल्या हाती आधीच कोणते कसब आहे, ह्याचाही विचार ह्याच काळात व्हावा. अभियंता दलातल्या सॅपरला बांधकाम, ईएमईतल्या कारागिराला इंजिन, सिग्नलच्या जवानाला तारा व यंत्रे, लंगरात दोनशे माणसांचा स्वयंपाक केलेल्या आचाऱ्याला मोठ्या पंक्तीचे गणित अवगत असते. तरीही गावी येताच हा आचारी हॉटेलचा विचार न करता ट्रॅक्टर घेतो, कारण शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतलेला असतो. धंद्याची निवड शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहून करू नये, एवढे मी कळकळीने सांगतो. ट्रॅक्टरच्या हप्त्यांपायी जमीन गहाण पडलेली दोन घरे माझ्या वह्यांत आहेत.

आता पैशाचा विचार. निवृत्त होताना सैनिकाच्या हाती उपदान, भविष्य निर्वाह निधी, सामूहिक विम्याची परिपक्व रक्कम, शिल्लक रजेचा मोबदला आणि, त्याने मागितल्यास, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम अशा अनेक वाटांनी पैसा येतो, आणि तो एकाच पंधरवड्यात येत असल्यामुळे एकच मोठी रास असल्याचा भास होतो. जन्मात इतकी रक्कम एकदम पाहिलेली नसल्याने घरचे, भावकीतले आणि विमा एजंट ह्या सर्वांची नजर एकाच वेळी त्या पासबुकावर खिळते. ह्या राशीचे तीन वाटे पासबुकात रक्कम येण्यापूर्वी, पलटणीत बसूनच, कागदावर पाडावेत. पहिला वाटा घराचा: एका वर्षाचा संपूर्ण संसारखर्च आणि मुलांची फी, ज्यास धंद्याने काहीही झाले तरी हात लावावयाचा नाही. दुसरा वाटा ठरलेल्या कर्तव्यांचा, म्हणजे घराचे छप्पर, बहिणीचे वा मुलीचे लग्न, आईबापांचे आजारपण. जे उरते ते धंद्याचे; आणि तेही सर्व एकदम घालावयाचे नाही, कारण पहिल्या वर्षी कोणत्या चुका होणार हे कोणालाच ठाऊक नसते आणि त्या चुकांचा खर्च भागविण्यासाठी पैसा मागे राखून ठेवावा लागतो.

अंशराशीकरणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ह्याबाबत गैरसमज फार आहेत. सैन्यातल्या निवृत्तिवेतनधारकास आपल्या निवृत्तिवेतनाचा जास्तीत जास्त निम्मा भाग विकून त्याबद्दल एकरकमी पैसा घेता येतो. चाळिशीच्या आसपासच्या वयात ही रक्कम विकलेल्या भागाच्या एका वर्षाच्या बेरजेच्या सुमारे नऊपट मिळते, आणि पंधरा वर्षांनी विकलेला भाग पूर्ववत सुरू होतो. वीस हजार रुपये निवृत्तिवेतन असलेल्याने निम्मे विकले, तर त्याला सुमारे १०.८ लाख रुपये हाती येतील आणि पंधरा वर्षे दरमहा दहा हजार कमी मिळतील. ते कमी मिळालेले पैसे एकंदर १८ लाख होतात. हा आकडा ऐकून काहीजण घाबरतात आणि हे सरकारने लुबाडले असे म्हणतात. तसे नाही. बँकेच्या कर्जाच्या भाषेत मांडल्यास हे व्याज शेकडा सात ते साडेसातच्या आसपास पडते, म्हणजे बहुतेक व्यापारी कर्जांहून स्वस्त. शिवाय महागाई भत्ता मूळच्या पूर्ण निवृत्तिवेतनावरच मिळत राहतो, आणि दुर्दैवाने मृत्यू आल्यास पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनात ह्यापायी एका पैशाचीही घट होत नाही. धोका निराळाच आहे. दरमहाची ती दहा हजारांची रक्कम म्हणजे धंदा बसला तरी चूल पेटती ठेवणारी रसद आहे, आणि ती विकून आलेला पैसा जर दुकानाच्या काचेच्या दारात आणि पाटीच्या रोषणाईत गेला, तर पंधरा वर्षे माघारीची वाट उरत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, धंद्याची टेहळणी पुरी झाली असेल आणि यंत्र वा जनावर ह्यांसारखी, मोडीत निघाली तरी काही किंमत देणारी वस्तू घ्यावयाची असेल, तरच निम्म्यापर्यंत जावे. एरवी थोडा भाग विकावा किंवा मुळीच विकू नये.

२०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून येणाऱ्या तरुणांचा हिशेब ह्याहून वेगळा आहे. चार वर्षांनंतर ज्यांना सेवेत कायम केले जात नाही त्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, पण निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या पायाखाली दरमहाची भुई नसल्यामुळे हा निधी धंद्यात सगळा घालणे म्हणजे राखीव तुकडी पहिल्याच दिवशी मोर्चावर धाडण्यासारखे आहे. विशीतल्या ह्या मुलांनी पहिली दोन वर्षे ज्या धंद्यात उतरावयाचे त्याच धंद्यात दुसऱ्याच्या पगारावर काम करावे आणि निधी मुदत ठेवीत ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

सरकारी साहाय्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांची नावे सांगतो आणि जेथे माणसे फसतात तेथे थोडा थांबतो. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्वी जवानांसाठी अल्पमुदतीचे व्यावसायिक शिक्षण आणि अधिकाऱ्यांसाठी भारतीय व्यवस्थापन संस्थांतून चोवीस आठवड्यांचे अभ्यासक्रम चालविते. ह्यासाठी अर्ज पलटणीच्या कचेरीतून आणि वेळेवर जावा लागतो, आणि रजा व सोय जुळत नाही म्हणून हे शिक्षण सोडून देणे मोठी चूक ठरते. गावी आल्यावर पहिली फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घालून नावनोंदणी करावी आणि माजी सैनिकाचे ओळखपत्र काढावे. डिस्चार्ज बुकाच्या आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाच्या पाच-पाच प्रती साक्षांकित करून ठेवाव्यात, कारण पुढे प्रत्येक दारात त्यांची मागणी होते. पुण्याचे माजी सैनिक महामंडळ, ज्यास सगळे मेस्को म्हणतात, पहाऱ्याची कामे देते. ज्यास स्वतःची सुरक्षा संस्था काढावयाची असेल त्याने २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याखाली राज्याचा परवाना घेतल्याखेरीज एकही माणूस कामाला लावू नये.

कर्जासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम माजी सैनिकांना विशेष अनुकूल आहे. त्यांना विशेष प्रवर्गात धरल्यामुळे स्वतःचा हिस्सा शेकडा पाचच घालावा लागतो आणि अनुदान शहरात शेकडा पंचवीस तर ग्रामीण भागात शेकडा पस्तीस मिळते. प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख व सेवेसाठी २० लाख अशी ठेवण्यात आली होती. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजी माहिती घ्यावी. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ही योजना मूलतः नव्या उद्योगासाठी आहे. दुकान उघडून, नारळ फोडून, मग अर्ज घेऊन जाणारास ती मिळत नाही, आणि माझ्याकडे दर वर्षी अशी दोन-तीन माणसे नारळ फोडल्यावरच येतात. दुसरी, अनुदानाची रक्कम हातात पडत नसून तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळती होते. तिच्या भरवशावर माल उचलणारा पहिल्याच हंगामात अडकतो. उद्यम नोंदणी मोफत असते, तिच्यासाठी कोणास पैसे देऊ नयेत. मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या व सेवेची २० लाखांच्या आत असेतोवर जीएसटीची नोंदणी साधारणतः सक्तीची नाही. पण मोठ्या कंपनीस माल पुरवावयाचा असेल, तर ती नोंदणी मागतेच.

भागीदारीबद्दल एक शब्द. एकाच खंदकात रात्री काढलेले दोघे मित्र करारनामा न करता धंदा सुरू करतात, आणि 'लेखी कशाला, आपण एका ताटात जेवलो' असे म्हणतात. ह्या स्नेहाविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच म्हणतो की, लेखी करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एका भागीदाराने धंद्यासाठी केलेल्या कर्जास दुसऱ्याची घरची मालमत्ताही जबाबदार असते, आणि ज्या भागीदारी संस्थेची नोंदणी झालेली नाही तिला करारातून येणे असलेल्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. मित्राच्या बायकोला मित्राच्या पश्चात हिशेब समजावा, एवढ्यासाठी तरी हा कागद करावा.

पुष्कळ जवान मला विमानकंपनी काढणाऱ्या कॅप्टन गोपीनाथांचे उदाहरण देतात, आणि ते उदाहरण उत्तमच आहे. पण ते अर्धेच सांगितले जाते. १९७१ च्या युद्धात लढलेला हा अधिकारी विशीतच सैन्य सोडून कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात माळरानावर तंबू ठोकून शेती करू लागला. त्याने रेशमाचे किडे पाळले, मोटारसायकलींची विक्री केली, उपाहारगृह चालविले, आणि त्याची एअर डेक्कन उडाली ती २००३ साली, म्हणजे वर्दी उतरवल्यावर जवळजवळ पाव शतकाने. लीला हॉटेले उभारणारे कॅप्टन कृष्णन नायरही आधी अनेक वर्षे हातमागाच्या कापडाच्या धंद्यात होते, आणि मुंबईतले त्यांचे पहिले हॉटेल उघडले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मधली वर्षे कोणी सांगत नाही, आणि धंदा तर त्याच वर्षांत शिकला जातो.

आता खातेवहीकडे येतो. अकरा वर्षांपूर्वी एक निवृत्त नायब सुभेदार माझ्याकडे आले. त्यांनी तालुक्याच्या रस्त्यावर हार्डवेअरचे दुकान घातले होते. खिळे, तारा, पत्रे, नळ, रंग. सेवेतली शेवटची कित्येक वर्षे ते कंपनीच्या क्वार्टरमास्टरच्या कामावर होते, आणि दोराचा एक तुकडासुद्धा इश्यू व्हाउचरवर सही घेतल्याशिवाय त्यांनी कधी कोणास दिला नव्हता. पण गावात आल्यावर 'मेजर, पत्रे द्या, ऊस गेला की देतो' असे कोणी म्हटले की ते पत्रे देत. कारण 'मेजर' म्हणणाऱ्यापुढे कागद ठेवून सही मागणे त्यांना अप्रशस्त वाटे. आणि पलटणीत दिलेला शब्द हा शब्द असतो, ह्या सवयीने त्यांनी त्या 'देतो'वर विश्वास ठेवला. चौदा महिन्यांत उधारी चार लाखांवर गेली होती आणि ती त्यांच्या डोक्यात होती, वहीत नव्हती. घाऊक व्यापाऱ्याचा तगादा आल्यावर त्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून त्याचे पैसे भागवले.

मी त्यांना नवे काही सांगितले नाही. 'साहेब, स्टोअरमध्ये करत होता तेच करा' एवढेच म्हणालो. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या, हातात लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन. नवरा सीमेवर असताना चौदा वर्षे घर, शेत व सोसायटीचे कर्ज एकटीने सांभाळलेल्या ह्या बाईंना गावातला कोण पैसा देतो व कोण चुकवितो, हे नवऱ्यापेक्षा किती तरी अधिक ठाऊक होते, पण दुकान काढताना त्यांना कोणी विचारले नव्हते. (पत्नीस धंद्याच्या पहिल्या बैठकीस बसवावे, हे मी प्रत्येक जवानास आता सर्वांत आधी सांगतो.) त्या वहीत चार रकाने आखले होते: तारीख, माल, रक्कम आणि वायद्याची तारीख. चौथा रकाना बाईंचा. प्रत्येक उधारीसमोर गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली परतफेडीची तारीख आणि तिच्याखाली त्याची सही. दोनदा वायदा मोडणाऱ्यास तिसऱ्यांदा रोखीनेच माल मिळे, मग तो चुलतभाऊ असो वा सरपंच. सुरुवातीला दोन-तीन घरांनी बोलणे सोडले, पण सही करणारे वाढत गेले, कारण सही मागणाऱ्या दुकानात वजन चोख मिळते, हे लोकांच्या लवकरच लक्षात आले.

हुद्द्याचेही तसेच. दुकानात येणारा पोरगा 'काका, दोन रुपयांचे खिळे' म्हणाला, तर त्याला दोन रुपयांचे खिळे हसतमुखाने द्यावे लागतात, आणि मापात चूक झाल्यास माफी मागावी लागते. नोकर उशिरा आला तर त्याची रपट कोणाकडे जात नाही, त्याला आपणच समजावावे लागते. नायब सुभेदारांना हे अवघड गेले आणि अवघड गेल्याचे त्यांनी माझ्याजवळ कबूल केले.

गेल्या ३१ मार्चच्या रात्री मी त्यांच्या दुकानी वर्षअखेरीच्या मालमोजणीस गेलो होतो. अर्धे शटर ओढून, लुंगीवर बसून, ते खिळ्यांचे डबे एकेक करून काट्यावर चढवीत होते आणि बाई वहीत आकडे घेत होत्या. दोन इंची खिळे वहीपेक्षा साडेतीन किलो कमी भरले. त्यांनी डबा पुन्हा मोजला, तिसऱ्यांदा मोजला, मग एक कोरा कागद ओढून त्यावर शिरोभागी ठळक अक्षरांत 'लॉस स्टेटमेंट' असे लिहिले, खाली मालाचे नाव, वजन, किंमत आणि कारण 'अज्ञात' असे भरले, आणि सही करून तो कागद त्यांनी बाईंच्या पुढे दुसऱ्या सहीसाठी ठेवला.